शंभर सीसी पुरून उरते

महाराष्ट्रातल्या ज्या रस्त्यांवर वेगाला खरा वाव आहे, तिथे दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, यातल्या एकावरही मोटारसायकल नेता येत नाही. उरलेल्या रस्त्यांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये दुचाकीची कमाल वेगमर्यादा ठरवून दिली. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. घाटात, गावातून जाताना, शाळेजवळ ती आणखी खाली येते. नवी मोटारसायकल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने शोरूमची पायरी चढण्याआधी हे आकडे लक्षात घ्यावेत, कारण आत गेल्यावर समोर येणारे आकडे निराळे असतात. किती सीसी, किती बीएचपी, शून्य ते शंभर किती सेकंदांत.

ज्यांना रोज वीस-पन्नास किलोमीटर जायचं असतं, अधूनमधून गावी, कोकणात किंवा एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी जायचं असतं, आणि तरीही शंभर-सव्वाशे सीसीची गाडी म्हणजे पैशांअभावी केलेली तडजोड असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या रस्त्यांवर बहुतेकांसाठी लहान मोटारसायकल हीच जास्त चांगली मोटारसायकल आहे. ती स्वस्त पडते हा वरचा फायदा.

आधी ताकदीचा हिशेब मांडू. एका माणसाला घेऊन सपाट रस्त्यावर ताशी ५०ने धावायला मोटारसायकलला चाकापाशी जेमतेम दोन हॉर्सपॉवर लागतात. ६०ला साधारण तीन. समोरून वारा असेल, जाकीट फुगत असेल तर थोडे जास्त, पण अंदाज हाच. १००ला मात्र एकदम अकरा-बारा लागतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट ताकद हवी. हिरो स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन सुमारे आठ हॉर्सपॉवर देतं. म्हणजे साठच्या वेगाला निम्म्याहून अधिक ताकद चढासाठी आणि मागे बसणाऱ्यासाठी शिल्लक राहते. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० वीस हॉर्सपॉवर देते, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाला तिचंही काम तीन-चारांतच भागतं. बाकीची ताकद तुम्ही विकत घेतलेली असते, तिचं वजन रोज वागवत असता आणि वापरायची संधी क्वचित मिळते.

वजनाचा मुद्दा मला ताकदीपेक्षाही मोठा वाटतो. पेट्रोल-ऑइलसकट स्प्लेंडर ११२ किलोंची, होंडा शाइन १०० तर शंभर किलोंच्याही आतली. क्लासिक ३५० आहे १९५ किलोंची. फरक एका धडधाकट माणसाइतका. चालत्या गाडीवर हा फरक फारसा जाणवत नाही, उलट जड गाडी रस्त्याला चिकटून चालल्यासारखी वाटते आणि शोरूमच्या फेरीत माणूस त्यालाच भुलतो. फरक कळतो गाडी थांबल्यावर. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे ओढताना. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून काढताना. पावसाळ्यात शेताच्या बांधावर चाक रुतलं की, किंवा पंक्चर झाल्यावर पुढच्या दुकानापर्यंत ढकलत न्यायची वेळ आली की. गाडी आडवी झाली तर एकट्याला उचलता येते का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी फार थोडे जण विचारतात. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीसाठी, साठी ओलांडलेल्या काकांसाठी, गुडघ्याचं दुखणं असलेल्या कुणासाठीही तो पहिला प्रश्न असायला हवा. तारुण्यात अंगात जोर असतो हे खरं, पण मोटारसायकल दहा-पंधरा वर्षं घरात राहते.

आता आनंदाविषयी, कारण लहान गाडीवर प्रेम करणाऱ्यांचं बोलणं बहुतेकदा ॲव्हरेजवर येऊन थांबतं आणि खरी गोष्ट सांगायची राहून जाते. आठ हॉर्सपॉवरच्या गाडीवर तुम्ही सगळी गाडी वापरता. ताम्हिणीच्या चढावर तिसरा गिअर कधी सोडायचा, वळणात किती वेग राखायचा, पुढचा टेम्पो कुठे ओलांडायचा, सगळं आधीच ठरवावं लागतं. चुकीच्या जागी ब्रेक दाबला तर गमावलेला वेग मूठ पिळून लगेच परत मिळत नाही, म्हणून रस्ता लांबवर वाचायची सवय लागते. मूठ पूर्ण पिळून, प्रत्येक गिअर त्याच्या टोकापर्यंत ओढून नेण्याचं सुख इथे पन्नास-साठच्या वेगात, कायदा न मोडता मिळतं. मोठ्या गाडीवर तेच करायला गेलात तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच मर्यादा ओलांडलेली असते. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ एवढीच बनली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर. आजही तिचं नाव निघालं की माणसं हरखतात, कारण हलक्या अंगात चपळ इंजिन होतं. (तिच्या जुन्या गाड्यांना सध्या मिळणारा भाव मात्र रोजच्या वापरासाठी गाडी शोधणाऱ्याने मनावर घेऊ नये. ती हौसेची खरेदी आहे.)

लहान गाडीची कर्तबगारी काही नवी नाही. होंडाची सुपर कब १९५८ साली जपानमध्ये निघाली, तेव्हा तिचं इंजिन ४९ सीसीचं होतं. २०१७पर्यंत त्या घराण्याच्या दहा कोटी गाड्या बनल्या होत्या. आपल्याकडे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर. त्यांचं आडवं सिलिंडर त्याच वळणाचं. स्कूटर तिरकी करून चालू करायच्या काळात, टाकी भरा आणि विसरा असं सांगणारी मोटारसायकल लोकांना नवलाची वाटली होती. दूधवाले, पोस्टमन, प्राथमिक शाळेतले गुरुजी, विमा एजंट, सगळ्यांची दिनचर्या या गाड्यांवर उभी राहिली. पुण्याच्या बजाजची बॉक्सर आज युगांडा-केनियात ‘बोडा बोडा’ म्हणून दिवसभर प्रवासी वाहते. आणि लांबच्या प्रवासाचं विचाराल तर नेथन मिलवर्ड हा इंग्रज तरुण २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या टपाल खात्याची जुनी १०५ सीसीची होंडा घेऊन सिडनीहून निघाला आणि लंडनला पोहोचला. तेव्हा पुण्याहून मालवणला शंभर सीसीवर जाता येईल का, ही शंका मनातून काढून टाका.

पैशांचं थोडक्यात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साठ किलोमीटरचं ॲव्हरेज देणारी गाडी सोळा-सतरा लिटर पिते, बत्तीस देणारी एकतीस लिटर. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. २०२२च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५०ला १,३६६ आणि त्यावर २,८०४ होते, आणि नव्या गाडीला पाच वर्षांचा हा विमा एकदम काढावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट, सगळंच लहान गाडीचं स्वस्त, आणि तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हप्ता ठरवताना त्यात पेट्रोल, विमा आणि टायर मिळवून महिन्याची बेरीज कागदावर लिहा. शोरूममध्ये सांगतात तो फक्त हप्ता असतो.

कोणती घ्यावी? एकट्याने, बहुतांश शहरात किंवा गाव ते तालुका जायचं असेल तर शंभर-एकशे दहा सीसी भरपूर झाली. रस्ते खडबडीत असतील तर बजाज प्लॅटिना चालवून बघा, तिचे शॉकप मऊ आहेत. रोज दोघांना जायचं असेल, वाटेत घाट असेल किंवा महामार्गाचा मोठा पट्टा असेल तर १२५ सीसी घ्या. तिथे दहा-अकरा हॉर्सपॉवर मिळतात आणि बऱ्याच गाड्यांत पाचवा गिअर. १२५ घेताना पुढचा डिस्क ब्रेक असलेलाच प्रकार निवडा, वरचे पैसे द्या, तिथे कंजुषी नको. जुलै २०२४मध्ये आलेली बजाज फ्रीडम १२५ सीएनजीवर चालते आणि रोज खूप फिरणाऱ्याला ती परवडेल, पण तिचं वजन दीडशे किलोंच्या घरात आहे आणि जवळ पंप हवा.

ब्रेकच्या बाबतीत लहान गाडीची एक उणीव लपवून चालणार नाही. २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १२५ आणि त्याखालच्यांना सीबीएस चालतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याने थांबायचं अंतर कमी होतं, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यास चाक जाम होणं एबीएससारखं टळत नाही. म्हणून लहान गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद्या मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारायचा सराव करा. तीसवर, मग चाळीसवर. पुढचा ब्रेक हळूहळू दाबत नेला तर गाडी कशी थांबते आणि एकदम आवळला तर काय होतं, हे संकट येण्याआधी हाताला ठाऊक असावं. गिअरचा क्रमही तपासा. अनेक शंभर सीसी गाड्यांत सगळे गिअर पंजाने खाली दाबून पडतात, मोठ्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. दोन्ही प्रकार घरात असतील तर घाईच्या क्षणी गफलत होते.

जुनी गाडी घेणं हा लहान मोटारसायकलच्या बाबतीत फार शहाणपणाचा मार्ग आहे, फक्त बघणारा डोळा हवा. गाडी सकाळी बघायला जा आणि आधी इंजिनला हात लावा. ते थंडगार असायला हवं. मालकाने तुम्ही यायच्या आत चालू करून ठेवली असेल तर थंडीत चालू होत नसल्याचा संशय घ्या. चालू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, पिस्टन-रिंगचं काम निघणार. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खटका लागत असेल तर कोनसेट गेला. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, खेळ लागला तर बुश किंवा बेअरिंग. पुढच्या शॉकपच्या नळ्यांवर ऑइल ओघळलेलं आहे का बघा. यातलं काहीही असलं म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही, पण किंमत त्या मानाने उतरली पाहिजे. किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. ब्रेकच्या पॅडलवरचं रबर, पायटे, मुठी किती झिजल्यात ते जास्त खरं सांगतात.

कागद तपासायला मात्र अजिबात आळस करू नका. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी. थकलेले चलान ऑनलाइन दिसतात, ते व्यवहाराआधी भरून घ्या. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि त्याचा खर्च समोर येणार हे धरून भाव करा. नावावर न करता वर्षानुवर्षं चालवणारे पुष्कळ आहेत. अपघात झाला तर मूळ मालक आणि तुम्ही, दोघेही अडचणीत येता.

चालवण्याची रीत लहान गाडीला थोडी वेगळी लागते. चढावर गाडी दम टाकायला लागेपर्यंत वरचा गिअर ओढू नका, आवाज जड व्हायच्या आधीच खालचा टाका आणि इंजिनला मोकळं फिरू द्या. खालच्या गिअरमध्ये मोठ्याने वाजणारं इंजिन सुखात असतं. वरच्या गिअरमध्ये धडधडत कुंथणारं इंजिन खरं झिजत असतं. उतारावर नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती जीवघेणी आहे. वरंधा किंवा आंबेनळीसारख्या लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही.

महामार्गावर लहान गाडीजवळ वेगाचा राखीव साठा नसतो, हे मान्य करून चालवावं. साठने जाताना पुढच्या ट्रकला ओलांडायचं असेल तर मोठ्या गाडीला लागतो त्याच्या दुप्पट मोकळा रस्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर थांबा, पुढे कुठेतरी दिसेलच. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटून जाऊ नका. तिथे खडी असते, आणि मागच्याला तुमच्या शेजारून घुसायला जागा आहे असं वाटतं. डाव्या पट्ट्याच्या मधोमध, आरशात लक्ष ठेवून चाला. मोठी बस शेजारून गेली की हलकी गाडी वाऱ्याने हलते, तेव्हा हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा. रात्रीचा महामार्ग शक्यतो टाळा. लहान गाडीचा दिवा शहराला पुरतो, अंधाऱ्या दुपदरी रस्त्यावर तोकडा पडतो. लांब जायचं तर पहाटे उजाडताना निघा, दर तासाभराने उतरा आणि राष्ट्रीय महामार्गाऐवजी राज्यमार्ग किंवा जिल्हामार्ग धरा. वेळ जास्त लागेल, पण शंभर सीसीची गाडी त्याच रस्त्यांसाठी जन्मली आहे. सामान कमी आणि खाली, शक्य तेवढं सीटच्या पुढच्या बाजूला बांधा. मागे उंच रचलं की पुढचं चाक हलकं होतं. डबलसीट किंवा सामानासकट जाताना मागच्या टायरची हवा वाढवावी लागते. किती, ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

निगा फार थोडी लागते, आणि नेमकी म्हणूनच ती होत नाही. या इंजिनांत जेमतेम लिटरभर ऑइल असतं, तेच वंगण आणि तेच थंडावा. ते कमी झालं तरी गाडी तक्रार न करता चालत राहते आणि एक दिवस जाम होते. तेव्हा महिन्यातून एकदा काडी काढून पातळी बघा. बंद चेनकव्हरमुळे चेन धुळीपासून वाचते, पण झाकलेली असल्याने तिच्याकडे कुणी बघत नाही. तिचा ढिलेपणा आणि तेल दर सर्व्हिसिंगला बघायला लावा. एप्रिल २०२०मध्ये धुराचे बीएस-६ नियम आल्यापासून बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांची टाकी वारंवार कोरडी पडू देऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पूर्वी कार्बोरेटर रस्त्यात उघडून साफ करता यायचा, ती सोय आता गेली. लांबच्या प्रवासाला म्हणूनच सेन्सर, वायरिंग, बॅटरी आधी तपासून घ्या. सोबत प्लगपाना, एक जादा प्लग, क्लचची केबल आणि पंक्चरचं साहित्य असलं की बहुतेक अडचणी वाटेतच निस्तरतात.

मोठी गाडी कुणी घ्यावी, हेही सांगायला हवं. जो रोज चौपदरी महामार्गाने शंभर किलोमीटर ये-जा करतो, जो सहा फूट उंच आणि भरभक्कम आहे, ज्याच्या मागे नेहमी मोठं माणूस आणि सामान असतं, त्याला शंभर सीसी थकवेल. त्याने दीडशे ते साडेतीनशेमधली, एबीएस असलेली गाडी घ्यावी आणि निःशंकपणे घ्यावी. बुलेटच्या आवाजावर जीव असेल, ती हौस परवडत असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून, लग्नात शोभते म्हणून किंवा लहान गाडीवर दिसायला संकोच वाटतो म्हणून पाच वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊ नका.

पैसे भरण्याआधी एवढं कराच. ओळखीतल्या कुणाची तरी शंभर किंवा सव्वाशे सीसीची गाडी आठवडाभर मागून घ्या. कागदपत्रं जवळ ठेवा, हेल्मेट घाला आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला, रोजच्या माणसाला मागे बसवून चालवा. एखाद्या रविवारी जवळचा घाट चढून उतरा. कुठे कमी पडली ते लिहून ठेवा. यादीत एकच गोष्ट आली तर १२५ बघा, चार-पाच आल्या तर मोठी घ्या, आणि काहीच आलं नाही तर दुसऱ्या दिवशी लहान गाडीच बुक करा.